‘ताई, मी प्रभुभोजन घेऊ का?’

गेली अठरा वर्षं मी पुण्यात समुपदेशन करते. क्वार्टर गेटजवळच्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर माझी खोली आहे. येणाऱ्यांत ख्रिस्ती कुटुंबं बरीच असतात, आणि त्यांच्याकडून एक प्रश्न फिरून फिरून ऐकू येतो: “येशूनं माझ्यासाठी सगळं केलं, हे मला पाठ आहे. पण माझ्याच्यानं दहा आज्ञा एक दिवससुद्धा धड पाळल्या जात नाहीत. मग देवानं मला खरंच स्वीकारलंय का?” कुणी हे रडत विचारतं. कुणी मुलाच्या अभ्यासाबद्दल बोलायला येतं आणि निघताना चपला घालता घालता विचारतं.

याचं उत्तर एका माणसाच्या गोष्टीतून सांगते. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुधाकर म्हणू त्यांना. वय सेहेचाळीस, भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. पहिल्यांदा त्यांची बायको एकटीच आली. “ताई, हे घरात असतात आणि नसतात,” त्या म्हणाल्या. “रात्री साडेअकरा-बारापर्यंत डायरी लिहितात. चौदा महिने झाले, चर्चमधलं भाकर-द्राक्षरसाचं प्रभुभोजन घेतलं नाही. सगळी मंडळी उठून पुढं जाते आणि हे बाकावर खाली मान घालून बसतात. लोक काय बोलतात त्याचं मला काही नाही. पण परवा आमच्या मुलीनं विचारलं, पप्पांनी असं काय केलंय?”

पुढच्या आठवड्यात सुधाकर आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात ती डायरी. त्यांनी ती न सांगताच माझ्यासमोर उघडली, जणू कामाचा रिपोर्ट सादर करत होते. प्रत्येक पानावर दहा रकाने आखलेले, पहिल्या आज्ञेपासून दहावीपर्यंत. रकान्यात वेळ टाकून नोंद. सकाळी आठ दहा, उशिरा आलेल्या ऑपरेटरला मनात मूर्ख म्हणालो: सहावी आज्ञा, कारण भावाला मूर्ख म्हणणं म्हणजे खुनाच्याच वाटेला जाणं, असं प्रभूनं डोंगरावर सांगितलंय. दुपारी सव्वा वाजता, सहकाऱ्याची नवी गाडी बघून पोटात काहीतरी झालं: दहावी. रात्री झोपण्यापूर्वी बेरीज, मग बेरजेतल्या प्रत्येक नोंदीसाठी वेगळी प्रार्थना. प्रार्थना करताना लक्ष दुसरीकडं गेलं, तर ती परत पहिल्यापासून. आणि तेवढंच नाही, लक्ष विचलित झालं याचीही नोंद तिसऱ्या आज्ञेत.

पाचव्या रकान्यात मात्र रोज नुसती एक फुली होती. वेळ नाही, तपशील नाही. मी ती पाहिली आणि त्या दिवशी काही विचारलं नाही.

पहिल्या दोन भेटींत माझी चूक झाली, ती सांगायला हवी. मी स्वतः लुथरन वळणाची ख्रिस्ती, म्हणजे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर याच्या परंपरेतली. कृपेबद्दल बोलायची संधी मिळाली की माझं मन भरून येतं. मी त्यांना वचनं दाखवली, धीर दिला, “देवानं क्षमा केलीय सुधाकरभाऊ,” असं चार वेळा तरी म्हणाले. ते हलके होऊन गेले. रात्री पावणेदहाला फोन: “ताई, तुम्ही म्हणालात क्षमा झालीय, पण ती मला मनापासून पश्चात्ताप झाला असेल तरच ना? माझा मनापासून होता का?” मी परत समजावलं. अकराला पुन्हा फोन. पाळकसाहेबांनाही ते गेले वर्षभर असेच व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवत होते, हे मला नंतर कळलं.

हा आजारही होता. मंत्रचळ म्हणजे सारखे हात धुणं, कुलूप ओढून बघणं, एवढंच लोकांना माहीत असतं. पण तो पापाच्या भीतीवरही बसतो. इंग्रजीत त्याला स्क्रुप्युलॉसिटी म्हणतात. यात धीर देणं हेच कुलूप ओढून बघण्यासारखं होऊन बसतं. क्षणभर बरं वाटतं आणि शंका दुप्पट होऊन परत येते. म्हणजे मी सुवार्ता सांगत होते आणि त्यांच्यापर्यंत ती कुलपाच्या किल्लीसारखी पोचत होती, रात्रीत दहादा फिरवून बघायची.

मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडं पाठवलं. आधी तयार नव्हते. “गोळी घेणं म्हणजे अविश्वास नाही का?” मी त्यांना लूथरचं लहान कॅटेकिझम, म्हणजे श्रद्धेची प्रश्नोत्तरांची पुस्तिका, दाखवलं, १५२९ सालचं. ख्रिस्ती श्रद्धेच्या मतांगीकारातल्या पहिल्या कलमाचा अर्थ सांगताना लूथर म्हणतो की माझं शरीर, डोळे, कान, बुद्धी, सगळी इंद्रियं देवानं दिली आणि तोच ती सांभाळतो. मग बुद्धी आजारी पडल्यावर औषध घेणं हे त्याच सांभाळण्यातलं. ते गप्प बसले आणि तारीख घ्यायला तयार झाले. औषधाचा गुण यायला काही आठवडे जातात. त्या काळात डॉक्टर, पाळकसाहेब आणि मी, तिघांनी मिळून ठरवलं: रात्रीच्या ‘क्षमा झाली का?’ या प्रश्नाला कुणीही उत्तर द्यायचं नाही. “हा प्रश्न तुमचा आजार विचारतोय, आपण मंगळवारी भेटू,” एवढंच म्हणायचं. मला हे फार जड गेलं. घाबरलेल्या माणसाला क्षमेचा शब्द नाकारतेय, असं वाटायचं. पण ऐकणं आणि तपासणं यांतला फरक मला त्यांच्याचकडून कळला. रविवारी उपासनेत बसून शब्द कानावर येऊ देणं हे ऐकणं. रात्री अकराला तोच शब्द फोनवरून पुन्हा मागणं, कालचा अजून टिकलाय ना हे बघायला, हे तपासणं.

पाचव्या भेटीत मी त्या फुलीबद्दल विचारलं.

बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. मग सांगायला लागले. दीड वर्षापूर्वी वडील गेले. शेवटचे दोन महिने अंथरुणावर होते, रात्री चार-चार वेळा हाक मारायचे. पाणी हवं, कूस बदलायची, किंवा नुसतंच कुणीतरी हवं. सुधाकर दिवसभर कारखान्यात उभे आणि रात्री हे. एका रात्री तिसऱ्या हाकेला ते उठले आणि म्हणाले, “किती वेळा उठवणार आहात, बाबा? मरू द्या की मला जरा.” वडील काही बोलले नाहीत. त्या रात्री त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. पुढचे चार दिवसही रात्रीची हाक आली नाही. पाचव्या दिवशी पहाटे ते गेले.

“तहान लागली असेल त्यांना,” सुधाकर म्हणाले. “माझ्यामुळं ते गप्प राहिले. आपल्या बापाचा मान राख. एवढी एकच आज्ञा पाळायची वेळ होती.”

मंडळीतल्या लोकांनी त्यांना काय सांगितलं असेल, याचा मला अंदाज होता, आणि तो बरोबर निघाला. “एवढं काय मनावर घेता, दमलेला माणूस बोलतो.” “तुम्ही किती केलंत त्यांचं, सगळ्यांनी बघितलंय.” सगळं खरं. पण यातल्या एकाही वाक्यानं सुधाकरांच्या जिवाला आराम पडला नव्हता. का पडला नाही, ते त्यांनीच मला सांगितलं, त्यांच्या कामाच्या भाषेत. तो तास मी विसरणार नाही.

त्यांच्याकडं एक गो-नोगो गेज असतं. पोलादी दांडा, दोन टोकं. छिद्र पाडलेला भाग हातात घ्यायचा. ‘गो’ टोक आत गेलं पाहिजे, ‘नोगो’ टोक जाता कामा नये. गेलं तर माल रिजेक्ट, लाल पेटीत. “ताई, वापरून वापरून गेज झिजतं,” ते म्हणाले. “मग छिद्र लहान असलं तरी गो टोक आत जातं. खराब माल पास होतो आणि सगळे खूश असतात. म्हणून आम्ही गेज ठरावीक काळानं कॅलिब्रेशनला पाठवतो. लोक मला म्हणतात एवढं मनावर घेऊ नका. म्हणजे गेजच झिजवून घ्या, असंच ना?”

मी म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. ते गेज झिजवायचं नाही. त्या रात्री तुमच्याकडून पाप झालं.”

त्यांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. इतक्या महिन्यांत हे कुणी त्यांना म्हणालं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, पण चेहऱ्यावर एक प्रकारची सुटका होती, कुणीतरी अखेर खरं मोजमाप मान्य केल्याची.

ख्रिस्तानं स्वतःच सांगितलंय की नियमशास्त्र, म्हणजे देवाच्या आज्ञा, रद्द करायला मी आलेलो नाही, पूर्ण करायला आलो आहे. डोंगरावरच्या प्रवचनात तर त्यानं गेज आणखी काटेकोर केलं: हातच नाही, डोळा बघितला, खूनच नाही, राग मोजला. म्हणून ‘देव एवढं बघत नाही हो’ ही समजूत विवेक जागा असलेल्या माणसाला लागू पडत नाही. त्याला ठाऊक असतं की देव बघतो.

“पण मला एक सांगा,” मी विचारलं, “रिजेक्ट झालेल्या भागात तुम्ही गेज शंभर वेळा घातलं, तर भाग सुधारतो?”

“नाही. गेजचं काम नाही ते. गेज फक्त सांगतं.”

“मग ही डायरी?”

ते काही बोलले नाहीत. डायरी मांडीवर होती, तिच्यावर हात ठेवून बसले.

इथं मी लूथरबद्दल सांगितलं, कारण तो माणूस अशाच कोंडीत वर्षानुवर्षं अडकला होता. १५०५ च्या जुलैत विजेच्या कडकडाटात घाबरून त्यानं मठात जाण्याचा नवस बोलला आणि दोन आठवड्यांत एर्फुर्टच्या ऑगस्टीनियन मठात दाखल झाला. उपास, जागरणं, थंडीत अंग गोठवणं, आणि पापकबुली. आपले वडीलधारे योहान फॉन स्टाउपिट्झ यांच्याकडं तो तासन् तास कबुली देत बसे. एकदा तर सहा तास. उठून गेला की काहीतरी राहिलं म्हणून परत येई. स्टाउपिट्झ वैतागत, पण त्याला हाकलून देत नसत. स्वतःच्या मनात चाचपत बसू नकोस, ख्रिस्ताच्या जखमांकडं बघ, असं ते सांगत. लूथरला हे उमगायला वर्षं लागली. १५१८ साली हायडेलबर्गच्या वादसभेत त्यानं जे मांडलं, त्याचा मथितार्थ असा: नियमशास्त्र म्हणतं ‘हे कर’, आणि ते कधीच होत नाही; कृपा म्हणते ‘याच्यावर विश्वास ठेव’, आणि सगळं आधीच झालेलं असतं.

“झालेलं असतं म्हणजे काय?” सुधाकर म्हणाले. “वधस्तंभावर शिक्षा भोगली, ते माहितीय मला. दंड भरला. पण दंड भरल्यानं माझा भाग मापात बसत नाही. फार तर लाल पेटीतून बाहेर येतो.”

इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आपल्या मंडळ्यांमधून वधस्तंभावर बोललं जातं, आणि ते योग्यच आहे. पण येशूच्या जगण्याबद्दल, त्या जगण्यानं आपल्यासाठी काय केलं याबद्दल, फार कमी ऐकू येतं. बायबलमध्ये प्रेषित पौल गलतीकरांना लिहितो की देवाचा पुत्र स्त्रीपासून जन्मला, नियमशास्त्राच्या अधीन जन्मला. ज्यानं नियम दिला तो स्वतः नियमाखाली आला, आठव्या दिवशी सुंता झाल्यापासून. त्याला तसं करायची गरज नव्हती. लुथरन मंडळ्यांच्या १५७७ च्या ‘फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड’ या श्रद्धाविधानामध्ये हे स्पष्ट लिहिलंय: ख्रिस्ताचं आज्ञापालन म्हणजे त्याचं मरणच नाही, त्याचं करणं आणि सोसणं, जगणं आणि मरणं, सगळं मिळून विश्वास ठेवणाऱ्याच्या नावावर नीतिमत्त्व म्हणून धरलं जातं.

मी त्यांना लूकचा दुसरा अध्याय काढायला सांगितला. बारा वर्षांचा येशू मंदिरातून आईबापांबरोबर नासरेथला परत गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. एकच ओळ आहे. त्यानंतरची जवळजवळ अठरा वर्षं त्या ओळीमागं दडलेली आहेत. “सुधाकरभाऊ, त्या घरातही कुणीतरी रात्री हाक मारली असेल. सुतारकाम करून दमलेला मुलगा उठला असेल. त्या घरात पाचवी आज्ञा पूर्ण पाळली गेली, एकाही रात्री न चुकता. आणि वधस्तंभावर श्वास घेणं कठीण झालं असताना त्यानं आईची सोय लावली, योहानाला सांगितलं, ही तुझी आई. हे तो स्वतःसाठी करत नव्हता. ज्या एका आज्ञेपुढं तुम्ही फुली मारताय, ती त्यानं तुमच्यासाठी पाळली आहे.”

(माझ्या कॅटेकिझममध्ये ही आज्ञा चौथी असते, लुथरन आणि कॅथलिक क्रम वेगळा लावतात. मी त्या दिवशी त्यांच्याच क्रमानं बोलले. त्या फुलीचा आकडा बदलायची ती वेळ नव्हती.)

ते रडले. बराच वेळ. मग डोळे पुसून त्यांनी असा आक्षेप घेतला की मला आतून हसू आलं, आनंदानं. कारण आता आजार नाही, माणूस बोलत होता. “ताई, दुसऱ्याचा पास झालेला पीस दाखवून मी माझा माल पाठवला, तर आमच्याकडं त्याला फसवणूक म्हणतात.”

खरं आहे. ख्रिस्त तिथं आणि मी इथं, असे दोन वेगळे असतो, तर ती फसवणूकच झाली असती. १५२० च्या ‘ख्रिस्ती माणसाचं स्वातंत्र्य’ या पुस्तिकेत लूथर लग्नाची उपमा देतो. लग्न झालं की नवऱ्याचं ते बायकोचं आणि बायकोचं ते नवऱ्याचं. श्रीमंत, पवित्र वर एका कर्जबाजारी, बदनाम मुलीशी लग्न लावतो. तिचं कर्ज त्याचं होतं, त्याचं घर तिचं होतं. आपल्याकडं कुठल्याही नव्या सुनेला विचारा. घराच्या दारावर जे आडनाव लिहिलंय ते तिनं कमावलेलं नसतं. पण ते तिचं नाही असं म्हणायची कुणाची हिंमत नसते. बाप्तिस्म्यात हेच झालंय. हे उसन्या पीसवर माल खपवणं नाही. त्यानं जाहीरपणे, स्वतःच्या नावावर, तुमचं सगळं घेतलं. त्या रात्रीचं ते वाक्यसुद्धा.

एवढं बोलून मी थांबले. पुढच्या भेटीत त्यांनी तेच परत सांगायला लावलं, तेव्हा मी सांगितलं नाही. “एकदा सांगितलंय. ते तसंच आहे.” इथं आणखी एक खड्डा होता आणि तो भल्या भल्या विश्वासणाऱ्यांना दिसत नाही. ‘आज्ञा पाळल्या का?’ हा प्रश्न सुटला की त्याच्या जागी ‘माझा विश्वास पुरेसा आहे का?’ हा येऊन बसतो. माणूस विश्वासालाच अकरावी आज्ञा करतो आणि डायरीत अकरावा रकाना आखतो. सुधाकरांनी तो खरोखर आखला होता! विश्वासाचं काम आपल्या आत बघणं हे नाही. बाहेर, ख्रिस्ताकडं बघणं हे आहे. डोळा स्वतःला बघायला लागला तर समोरचं काहीच दिसत नाही.

त्यांच्या बायकोनं या सगळ्यात एक गोष्ट सांगितली, ती माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा त्यांच्या मनात जास्त रुतली असावी. सुधाकरांची पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली आणल्या, त्यांतली एक. “त्या पोरीनं दारात काय दाखवलं होतं?” वहिनी म्हणाल्या. “हाडं आणि उवा. घेतलंच ना आत?” रमाबाईंची स्वतःची वाटही अशीच होती. १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर पुढं काही वर्षांनी त्यांनी लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडायचा होता. धर्म पाळणं त्यांना नवं नव्हतं. व्रतं, तीर्थयात्रा, उपास यांत त्यांचं सगळं बालपण गेलं होतं.

मग मी पाळकसाहेबांना एक विनंती केली. सुधाकरांची ती एक कबुली समोरासमोर ऐका, आणि देवाच्या नावानं क्षमा जाहीर करा. ते आधी अडखळले. “आपल्याकडं ही पद्धत नाही हो. कॅथलिक वाटेल.” मी त्यांना १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबातलं, म्हणजे लुथरन श्रद्धेच्या जाहीरनाम्यातलं, अकरावं कलम दाखवलं: खासगी क्षमाघोषणा मंडळीत राहावी, पण सगळी पापं मोजून दाखवणं आवश्यक नाही, कारण ते शक्यच नाही; स्वतःच्या चुका कुणाला समजतात, असं स्तोत्रकर्ता म्हणतोच. लूथरच्या लहान कॅटेकिझममध्ये तर पाळकापुढं फक्त ठाऊक असलेली, मनाला बोचणारी पापंच कबूल करावीत, असं आहे. शोधून शोधून किंवा कल्पनेनं पापं काढू नयेत, त्यानं कबुलीचा छळ होतो, हेही तिथंच लिहिलंय. सहा तास कबुली दिलेल्या माणसानं हे लिहिलंय, म्हणून मला त्याचं मोल फार वाटतं.

पाळकसाहेब तयार झाले. अट एकच: डायरी आणायची नाही. एका गुरुवारी संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये सुधाकर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी ती रात्र सांगितली. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं क्षमा सांगितली. सगळं मिळून दहा मिनिटं. नंतर पाळकसाहेब मला फोनवर म्हणाले, “बावीस वर्षं सेवा करतोय, पण आज मला कळलं मी काय बोलतो ते.”

गोष्ट इथं संपत नाही. पुढच्या रविवारी सुधाकर प्रभुभोजनाला उठले नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. बायबलमधल्या १ करिंथ ११ मधले प्रभुभोजन ‘अयोग्य प्रकारे’ घेण्याबद्दलचे शब्द त्यांच्या छातीवर बसले होते. आम्ही तो अध्याय वरपासून वाचला. करिंथात पैसेवाले आधी येऊन खात-पीत आणि गरीब उपाशी राहत; पौलाचा राग त्या वागण्यावर आहे. बेरीज शून्य आल्याशिवाय येऊ नका, असं तिथं कुठंच नाही. कॅटेकिझम म्हणतं की उपास आणि शरीराची तयारी ही चांगली बाह्य शिस्त आहे, पण ‘पापांच्या क्षमेसाठी तुमच्याकरिता दिलेलं’ या शब्दांवर जो विश्वास ठेवतो, तोच खरा योग्य आणि तयार.

समजलं, तरी पाय उचलत नव्हते. इथं उपचाराचा भाग आला. मंत्रचळात ज्या गोष्टीची भीती वाटते तिला सामोरं जायचं आणि भीती घालवण्याची नेहमीची क्रिया करायची नाही, अशी पद्धत आहे. आम्ही पायऱ्या केल्या. आधी एक रकाना कमी. मग डायरी फक्त पंधरा मिनिटं. मग लक्ष विचलित झालं तरी प्रार्थना पुन्हा सुरू न करता ‘आमेन’ म्हणून झोपायचं. ते ‘आमेन’ त्यांना सगळ्यात जड गेलं. घाम फुटायचा, म्हणे. शेवटची पायरी: शनिवारी रात्री यादी न करता, मनात शंका तशीच ठेवून, रविवारी पुढं जायचं. शंका जाण्याची वाट बघायची नाही.

चौथ्या महिन्यात ते उठले. वहिनींनी सांगितलं की रांगेत उभे असताना त्यांचे हात थरथरत होते आणि मुलीनं त्यांचा शर्ट मागून धरला होता.

आता ते सहा-आठ आठवड्यांतून एकदा येतात. गोळ्या अजून चालू आहेत, डोस कमी झालाय. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, त्रास थोडा वाढतो, हे आम्हाला आता माहीत आहे, म्हणून त्या काळात भेटी जवळ ठेवतो.

हे वाचताना तुमच्याही घरातली एखादी डायरी आठवली असेल, कागदावरची किंवा मनातली. आणि तिच्यापायी झोप, जेवण, नोकरी यांवर परिणाम होत असेल, तर पाळकांबरोबर मनोविकारतज्ज्ञांनाही भेटा. ससूनच्या मानसोपचार विभागात जाता येतं. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट मिळते आणि मराठीत बोलता येतं. दोन्हींची गरज असणं यात विश्वासाचा काही कमीपणा नाही.

मागच्या भेटीत सुधाकरांनी विचारलं, “ताई, सगळं त्यानं पाळलंय, तर मग आता मी आज्ञा कशाला पाळायच्या?” मी त्यांना उलट विचारलं, “तुमच्या आई कशा आहेत?”

आई आता त्यांच्याकडंच असतात, ऐंशी पार. गुडघे गेलेत, रात्री दोन-तीनदा उठवतात. “उठतो,” ते म्हणाले. “आधी उठायचो तेव्हा मनात हिशेब असायचा, बाबांची भरपाई होतेय का बघायचा. म्हणजे आईसाठी उठतच नव्हतो मी. आता तिला पाणी हवं असतं म्हणून उठतो.”

“आणि चिडता का कधी?”

“परवाच चिडलो. सकाळी चहा दिला आणि माफी मागितली. म्हणाली, मला ऐकूच आलं नव्हतं.”

“डायरीत?”

त्यांनी खिशाकडं हात नेला. तिथं फक्त एक पेन होतं. दुसरी शिफ्ट होती, साडेतीनला पोचायचं होतं, ते उठले.